मॉडिफाय केलेल्या टर्बो गाडीचं मिसिंग: पार्ट बदलण्याआधी काय तपासायचं

रीमॅप झाला (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग जोर वाढवायला बदललं), डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप) बसला, मोठा इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारा) आला, गाडी मस्त पळायला लागली. मग एक दिवस तिसऱ्या गियरमध्ये पाय दाबला की तीन हजार आरपीएमवर ती फडफडते (हेच मिसिंग: एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही) आणि चेक इंजिनचा दिवा पेटतो. इंदूरमध्ये कुठल्याही गॅरेजात विचारा, पहिलं उत्तर ठरलेलं असतं: "प्लग-कॉइल बदलून टाका, भिया." कधी कधी गाडी त्याने नीट होतेही. पण ती का बिघडली होती हे कोणाला कळलेलं नसतं, म्हणून काही महिन्यांत तेच दुखणं परत दारात उभं राहतं.

कंपनी गाडी बनवताना प्रत्येक भागात थोडी ताकद हातची राखून ठेवते. कॉइल गरजेपेक्षा थोडं जास्त व्होल्टेज देऊ शकते, पंप थोडं जास्त पेट्रोल देऊ शकतो, रबरी होज थोडा जास्त दाब सोसू शकतो. रीमॅपमधून मिळणारा जोर याच राखीव साठ्यातून काढलेला असतो. म्हणून मॉडिफाय गाडीत भाग पूर्ण मेलेला नसतानाही मिसिंग होतं. शहरात तो वेळ मारून नेतो आणि बूस्ट, म्हणजे टर्बोने ढकललेल्या हवेचा दाब, आला की हात वर करतो. तेव्हा शोधायचं हे की कोणाचा साठा आधी संपला, आणि तो संपला तेव्हा गाडी नेमकी काय करत होती. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलंय: आधी फुकटात होणाऱ्या गोष्टी, मग हत्यारं, आणि खर्च सगळ्यात शेवटी.

दिवा लुकलुकत असेल तर

चेक इंजिनचा दिवा स्थिर पेटलेला असेल तर गाडी हळूहळू घरी नेता येते. लुकलुकत असेल तर पाय लगेच काढा. त्याचा अर्थ असा की न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतंय आणि आतली जाळी वितळू शकते. वितळलेली जाळी एक्झॉस्ट तुंबवते, टर्बोमागे दाब वाढतो, आणि कॉइलचं दुखणं टर्बोच्या खर्चावर जातं. "घरापर्यंत तर जाऊ" म्हणून बायपासवर शंभरने ताणू नका.

हे मिसिंगच आहे ना?

ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, ठिणगी दिसत नसते. क्रँक सेन्सरवरून तो एवढंच बघतो की प्रत्येक सिलिंडरच्या पॉवर स्ट्रोकला क्रँकने जेवढा वेग धरायला हवा तेवढा धरला की नाही. नाही धरला की त्या सिलिंडरच्या नावावर एक मिस जमा. यात गफलतीला भरपूर वाव आहे. हलकं फ्लायव्हील बसवलं असेल, कडक इंजिन माउंट असतील किंवा रस्त्यात खड्डेच खड्डे असतील, तर क्रँकचा वेग भलत्याच कारणाने हलतो आणि ईसीयू ते मिसिंग म्हणून मोजू शकतो. गाडी चालवताना काहीच जाणवत नाही आणि फक्त कोड येतो, तर संशयाची सुई आधी इथे वळवा.

उलटही होतं. गाडी धक्का मारते, पण ते मिसिंग नसतं. बूस्ट ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेला की ईसीयू पेट्रोल किंवा थ्रॉटल तोडतो. ते भिंतीवर आपटल्यासारखं, एकदम आणि सगळ्या सिलिंडरचं मिळून होतं, आणि सोबत बहुधा पी 0234 हा ओव्हरबूस्टचा कोड असतो. मिसिंगमध्ये एक-दोन सिलिंडर गळतात, म्हणून आवाज फडफड असा, तुटक येतो. आरपीएम सरसर वाढतात आणि वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. रीमॅपनंतर टॉर्क वाढला की कंपनीच्या क्लचचं हे नेहमीचं दुखणं आहे, त्यात प्लगचा काही दोष नाही.

कधी होतं, हे आधी वहीत लिहा

लोक या पायरीवर थांबत नाहीत, आणि माझ्या मते निम्मं निदान इथेच होतं. स्कॅनर लावण्याआधी गाडी नेमकी कधी मिस करते ते लिहून काढा: इंजिन थंड की गरम, आरपीएम किती, कोणता गियर, पाय किती दाबलेला, बूस्ट किती, पेट्रोल कधी भरलं, गाडी शेवटची कधी धुतली, आणि बोनेट उघडून शेवटचा हात कोणी कशाला लावला. शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. इंटरकूलर बसवल्यावर आठवड्याभरात मिसिंग सुरू झालं, तर ते इंटरकूलरच्या वाटेवरच शोधायचं. कॉइलच्या मागे लागणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

सकाळी थंड इंजिनवर पहिली एक-दोन मिनिटं गाडी थरथरते आणि मग शांत होते. डायरेक्ट इंजेक्शनच्या गाडीत याचं नेहमीचं कारण इनटेक वाल्व्हवर साचलेला कार्बन. या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, वाल्व्हवरून वाहत नाही, त्यामुळे वाल्व्ह कधी धुतले जात नाहीत आणि ब्रीदरमधून (इंजिनच्या पोटातली वाफ परत आत नेणाऱ्या पाइपातून) आलेलं तेल त्यांच्यावर भाजून बसतं. पण सोबत पांढरी वाफ असेल आणि कूलंटची पातळी खाली जात असेल, तर हेड गॅस्केटचा विचार करा. रात्रभर कूलंट थेंब थेंब सिलिंडरमध्ये झिरपतं आणि सकाळी तोच सिलिंडर मिस करतो.

उभ्या गाडीत, आयडलवर थरथर आणि अडीच हजार आरपीएमला धरलं की ठीक, याचा अर्थ कुठूनतरी न मोजलेली हवा आत येतेय. आयडलवर इंजिनाला लागणारी हवाच मुळात कमी, त्यामुळे छोटी गळतीही मोठी ठरते. इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट, पीसीव्हीचा (ब्रीदरच्या वाल्व्हचा) फाटलेला पडदा, टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज वाल्व्ह उघडा अडकलेला, कॅच कॅन (ब्रीदरचं तेल अडवणारा डबा) बसवताना नीट न बसवलेला पाइप, ही नेहमीची ठिकाणं.

मधल्या आरपीएमला, पूर्ण बूस्टवर फडफड, आणि तोच आरपीएम हलक्या पायाने गाठला तर काहीच नाही. हे ठिणगीचं लक्षण. सिलिंडरमधला दाब सगळ्यात जास्त असतो तो पीक टॉर्कला, म्हणजे या छोट्या टर्बो इंजिनांत साधारण दोन ते चार हजारांच्या पट्ट्यात. दाब जितका जास्त, तितकं प्लगची फट ओलांडायला व्होल्टेज जास्त लागतं. निमाडातून मानपूरचा घाट चढून माळव्यात येताना वरच्या गियरमध्ये, कमी आरपीएमवर पाय दाबून ठेवलात तर अर्धमेली कॉइल तिथे उघडी पडते.

वरच्या आरपीएमला, पाच-साडेपाच हजारांपुढे जीव सोडते, तर आधी पेट्रोलकडे बघा. तिथे सिलिंडरमधला दाब थोडा उतरलेला असतो, पण दर मिनिटाला लागणारं पेट्रोल सर्वाधिक असतं.

गियर बदलताना, पाय सोडला की एक गचका आणि मागून धूर किंवा फटाका, तर हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ वाल्व्ह तपासा. मास एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) असलेल्या गाडीत ती हवा मोजून झालेली असते. ईसीयू तिच्या हिशेबाने पेट्रोल टाकतो, आणि हवा मात्र "फुस्स" करत बाहेर गेलेली. आवाजाची हौस असेल तर हा गचका सोबत येतो. नसेल तर कंपनीसारखा, हवा परत आत वळवणारा वाल्व्ह लावा.

पाऊस किंवा धुलाईनंतर होणारं मिसिंग तर आमच्या गावचं खास. रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मिरवणूक) झाली की दुसऱ्या दिवशी वॉशिंग सेंटरवर रांगा लागतात, बोनेट उघडून प्रेशरने रंग काढला जातो, पाणी प्लगच्या विहिरीत उतरतं आणि गाडी तीन पायांवर घरी येते. कॉइल काढा, विहिरी हवेने कोरड्या करा, कॉइलचे रबर पुसा, अर्धा दिवस उन्हात ठेवा. बहुतेकदा तेवढ्यावर भागतं.

स्कॅनर लावल्यावर

पी 0301 ते 0304 म्हणजे त्या त्या क्रमांकाचा सिलिंडर. पी 0300 म्हणजे एकाच सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही असं मिसिंग. एकाच सिलिंडरचा कोड असेल तर कारणही बहुधा त्याच सिलिंडरपुरतं असतं: कॉइल, प्लग, इंजेक्टर, वायर, कॉम्प्रेशन. अनेक सिलिंडर मिस करत असतील तर सगळ्यांना मिळून लागणाऱ्या गोष्टींकडे जा: बूस्टची गळती, पेट्रोलचा दाब, खराब पेट्रोल, बॅटरीचं व्होल्टेज, खुद्द रीमॅप. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा. कोड पडला त्या क्षणी आरपीएम, लोड आणि तापमान किती होतं ते त्यात असतं. वहीतल्या नोंदीशी ते जुळवून बघा.

गाडी सुरू करण्याआधी एक फुकटची तपासणी. चावी ऑन, इंजिन बंद, आणि मॅनिफोल्ड प्रेशर सेन्सरचा आकडा बघा. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर आहे. इथली हवा सुमारे 95 किलोपास्कल दाखवायला हवी, पावसाळी दिवसांत एखाद-दुसरा कमी. सेन्सर 101 दाखवत असेल किंवा 88, तर तो खोटं बोलतोय आणि त्याच्या भरवशावर चाललेला पेट्रोलचा सगळा हिशेब चुकतोय. बूस्ट पाइपवरचा दुसरा सेन्सर असेल तर दोघांचे आकडे जवळपास सारखे हवेत. याच कारणाने मुंबईच्या पातळीवर ट्यून केलेली गाडी इथे थोडी वेगळी वागते. ईसीयू एकूण दाब मागत असेल तर तो गाठायला टर्बोला इथे जास्त फिरावं लागतं आणि हवा जास्त तापते.

आता लॉग, म्हणजे चालत्या गाडीच्या आकड्यांची नोंद. स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर एका वेळी वीस गोष्टी मागितल्या तर रांगायला लागतो आणि मिस झालेला क्षण दोन नोंदींच्या मधे निसटतो. पाच-सहाच गोष्टी निवडा: आरपीएम, मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, मागितलेला आणि मिळालेला रेल प्रेशर (इंजेक्टरच्या नळीतला पेट्रोलचा दाब), लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण; 1 म्हणजे समतोल, कमी म्हणजे पेट्रोल जास्त), सिलिंडरवार मिस काउंट. फ्यूएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलमध्ये किती टक्के वाढ-घट करतोय तो आकडा) वेगळ्या फेरीत. गाडी पूर्ण गरम झाल्यावर तिसऱ्या गियरमध्ये, दोन हजारांपासून एकदाच पाय दाबून वर नेणं पुरतं, पण तेही रस्त्यावर वेगमर्यादेत बसेल तेवढंच. पुढचा आरपीएम हवा असेल तर डायनोवर (गाडी जागच्या जागी रोलरवर पळवून मोजणाऱ्या मशीनवर) जा. पिथमपूरला नॅट्रॅक्सचा 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक आहे खरा, पण तो चाचणीसाठी. आपण उठून गाडी घेऊन जावं अशी ती जागा नाही. आणि सुपर कॉरिडॉर हा रस्ता आहे, ट्रॅक नव्हे, हे रात्री तिथे येणाऱ्या पोरांना सांगून थकलोय. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे गाडीतल्या बदलांकडे आरटीओची नजर असतेच, त्यात आणखी आमंत्रण कशाला?

ठिणगी: कॉइल, प्लग, फट

समजा पी 0302 आलाय. इंजिन थंड होऊ द्या. कॉइल सरळ वर ओढा, वाकवू नका. कनेक्टरचं प्लॅस्टिक उष्णतेने ठिसूळ झालेलं असतं, नखाने दाबून सोडवा. गॅरेजमध्ये नुसती कॉइल बदलून बघतात. त्यापेक्षा दोनची कॉइल एकवर टाका आणि दोनचा प्लग तीनमध्ये, एकदमच. कोड पुसा आणि ज्या परिस्थितीत मिस होत होतं अगदी त्याच परिस्थितीत चालवा. आता पी 0301 आला तर कॉइल, पी 0303 आला तर प्लग, आणि 0302 जागचा हलला नाही तर दोघेही निर्दोष. मग वायर, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन. एक लक्षात असू द्या: मिसिंग जोरात असेल तर बरेच ईसीयू त्या सिलिंडरचं पेट्रोलच बंद करतात. अदलाबदल झाल्यावर कोड पुसून इंजिन बंद-चालू केलं नाही तर चांगला सिलिंडरही मेल्यासारखा वाटेल.

प्लग हातात आलाच आहे तर नीट बघा. पोर्सेलीनवर, म्हणजे पांढऱ्या भागावर, वरून खाली गेलेली केसासारखी काळी रेघ दिसली तर ठिणगी फट सोडून बाहेरच्या बाहेर उडी मारतेय. शेजारच्या एका मुलाच्या तीन सिलिंडरच्या टर्बो हॅचबॅकमध्ये हेच होतं. तो म्हणाला, "काका, प्लग नवाच आहे, मागच्याच महिन्यात टाकलाय." मी प्लग उन्हाकडे धरून फिरवला, एका बाजूला ती रेघ होती. मग कॉइलचा रबरी बूट उलटा करून दाखवला. आत अगदी त्याच जागी तशीच रेघ, जणू एकाचा ठसा दुसऱ्यावर. त्याने प्लग दोनदा बदलला होता, बूट एकदाही नाही. जुन्या बुटातला कार्बनचा रस्ता नव्या प्लगलाही त्याच वाटेने न्यायचा. अशा वेळी प्लग आणि बूट दोन्ही एकत्र बदलायचे. विहिरीत तेल असेल तर वाल्व्ह कव्हरचं सीलही.

आता फट. कंपनीच्या टर्बो गाडीत ती साधारण 0.7 ते 0.8 मिलिमीटर असते. बूस्ट वाढवला की तेवढ्या फटीतून ठिणगी ओलांडवायला कॉइलला जास्त जोर लावावा लागतो आणि एका क्षणी ते जमतच नाही. म्हणून रीमॅप केलेल्या गाड्यांत फट 0.6 ते 0.65 पर्यंत आणतात. 0.5 च्या खाली जाऊ नका, आयडल खराब होतं आणि मिसिंग दुसऱ्या वाटेने परत येतं. प्लग इरिडियमचा असेल तर मधल्या बारीक टोकाला हत्यार टेकवायचं नाही. बाहेरचा पट्टाच हलक्या हाताने दाबायचा आणि तारेच्या गेजने मोजायचं. "बॉक्समधून फट लावूनच येते" यावर विश्वास ठेवू नका. वाटेत प्लग एकदा पडला की ती फट राहिली नाही, आणि आतलं पोर्सेलीन तडकलं असेल ते वेगळंच.

बऱ्याच रीमॅपसोबत एक पायरी थंड प्लग (उष्णता लवकर बाहेर सोडणारा) सांगतात. इथे आकड्यांची गंमत आहे. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, आणि बॉशमध्ये आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. ब्रँड बदलताना दुकानदाराने "एक नंबर वरचा" दिला तर उलटाच प्लग हातात येऊ शकतो. रोज फक्त पलासिया ते विजयनगर एवढ्याच ट्रॅफिकमध्ये चालणाऱ्या गाडीत जास्त थंड प्लग काजळी धरतात आणि मग त्यांचंच मिसिंग सुरू होतं.

प्लगचा रंगही बोलतो. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. ओला आणि पेट्रोलचा वास म्हणजे ठिणगीच पडत नाही. तेलकट असेल तर रिंग, वाल्व्ह सील किंवा टर्बो. पांढुरका, फोड आलेला प्लग आणि त्यावर चमकदार बारीक कण दिसले तर गाडी तिथेच उभी करा. ते कण पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे असू शकतात. मग प्रश्न मिसिंगचा राहत नाही, नॉकिंगचा (पेट्रोल आपोआप, स्फोटासारखं जळण्याचा) होतो.

बसवताना धागे कोरडे, हाताने पूर्ण आत, मग टॉर्क रेंच. आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला घ्या. ॲल्युमिनियम हेडमध्ये अंदाजपंचे आवळणं महागात पडतं.

बूस्टची गळती

मॉडिफाय गाडीत सगळ्यात जास्त जोड असतात ते याच वाटेवर. प्रत्येक नवा पाइप म्हणजे दोन नव्या क्लिपा. गळती असेल तर मास एअरफ्लोच्या गाडीत मोजलेली हवा वाटेतच निघून जाते, पेट्रोल मात्र पूर्ण पडतं, मिश्रण घट्ट होतं आणि बूस्टवर काळा धूर, फडफड. मॅनिफोल्ड प्रेशरवर चालणारी गाडी हा हिशेब सांभाळून घेते, पण टर्बोला जास्त राबावं लागतं. हवा तापते, पी 0299 हा कमी बूस्टचा कोड येतो.

तपासायचं हत्यार घरी बनतं. सियागंजात हार्डवेअरच्या दुकानातून टर्बोच्या तोंडाच्या मापाची पीव्हीसीची बंद टोपी, एक सिलिकॉन कपलर, दोन क्लिपा आणि ट्यूबलेस टायरचा वाल्व्ह घ्या. टोपीला भोक पाडून वाल्व्ह बसवा. इंजिन बंद, फिल्टरकडचा पाइप काढून टर्बोच्या तोंडाला टोपी लावा. क्रँककेसचा ब्रीदर त्याच वाटेवर जुळत असेल तर तो वेगळा करून तोंड बंद करा, नाहीतर हवा इंजिनच्या पोटात जाऊन तेलाची सील बाहेर ढकलेल. आता रेग्युलेटर लावलेल्या कंप्रेसरने हवा भरा, आधी पाच पीएसआय, मग दहा, आणि कमाल तुमची गाडी जेवढा बूस्ट करते तेवढीच. पंक्चरवाल्याचा रेग्युलेटर नसलेला पाइप सरळ लावू नका. आणि कपलरच्या समोर तोंड आणू नका, निसटलेला पाइप जोरात बसतो.

साबणाचं पाणी फवारा आणि ऐका. इंटरकूलरची दोन्ही टोकं, थ्रॉटल बॉडीजवळचा कपलर, डायव्हर्टर वाल्व्ह, ब्रेक बूस्टरचा होज, इंजेक्टरच्या ओ-रिंग, एवढं फिरून या. एक्झॉस्टमधून हवा येत असेल तर एखाद्या सिलिंडरचे दोन्ही वाल्व्ह उघडे राहिलेत, क्रँक थोडा फिरवा. बहुतेकदा सापडतो तो तेलाने ओशट झालेला सिलिकॉन पाइप. आत तेलाची वाफ बसते, पाइप क्लिपखालून मिलिमीटर-मिलिमीटर सरकतो आणि फक्त पूर्ण दाबावर फुसफुसतो. काढून ब्रेक क्लीनरने पुसा, कोरडं करून परत लावा. नुसती क्लिप आणखी आवळली तर ती सिलिकॉन कापते. पाइपच्या टोकाला उठावदार कडा नसेल तर कोणतीच क्लिप फार दिवस धरणार नाही.

तेल लावलेला कापडी फिल्टर असेल तर एअरफ्लो सेन्सरही बघा. फिल्टर धुवून तेल जास्त लावलं की ते सेन्सरच्या तारेवर जाऊन बसतं. त्याच्याचसाठी मिळणाऱ्या स्प्रेने साफ करा, बोट किंवा कापूस लावू नका.

पेट्रोल, आणि लॅम्डाचा सापळा

फ्यूएल ट्रिम शून्याच्या पाच टक्के इकडेतिकडे असेल तर ठीक, अधिक दहाच्या वर गेला तर चौकशी. आयडलवर जास्त आणि वर गेल्यावर ठीक म्हणजे हवेची गळती. आयडलवर ठीक आणि लोडवर जास्त म्हणजे पेट्रोल कमी पडतंय.

पण एक सापळा आहे, त्यात चांगले ट्यूनरही अडकतात. ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल मोजत नाही, उरलेला ऑक्सिजन मोजतो. सिलिंडर मिस झाला की त्यातली हवा न वापरता बाहेर पडते आणि सेन्सर "मिश्रण पातळ आहे" असं सांगतो, मग आत पेट्रोल कितीही असो. ते बघून पेट्रोल वाढवलं की प्लग आणखी ओले, मिसिंग आणखी वाढतं. म्हणून मिस होत असतानाच्या लॅम्डावर कोणताही निर्णय घ्यायचा नाही. मिस होण्याच्या अगदी आधीची अर्धी सेकंद बघायची. पूर्ण बूस्टवर लॅम्डा साधारण 0.80 ते 0.85 असायला हवा. तो फडफडीच्या आधीपासूनच वर सरकत असेल तर पेट्रोलचा तुटवडा खरा. सपाट होता आणि फडफडीबरोबर उडी मारली, तर ठिणगीकडे परत.

आकडा लॅम्डातच बघा, एअर-फ्यूएल रेशोमध्ये नको. शुद्ध पेट्रोलचा समतोल 14.7 ला असतो, आणि पंपावर आता मिळणाऱ्या ई20 चा (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा) साधारण 13.5 ला. जुन्या सेटिंगचा गेज दोन्हीला 14.7 च दाखवतो. इथेनॉलमुळे त्याच हवेला साधारण आठ टक्के पेट्रोल जास्त लागतं. ई20 येण्याआधी केलेल्या रीमॅपमध्ये पंप आणि इंजेक्टर काठावर असतील, तर हे आठ टक्केच त्यांना काठावरून ढकलतात. "रीमॅप तोच, गाडी तीच, तीन वर्षं काही नव्हतं" असं म्हणणाऱ्यांनी इथे जरूर बघावं.

इंजेक्टरला किती वेळ मिळतो तेही मांडून बघा. सहा हजार आरपीएमला पूर्ण चक्र (क्रँकचे दोन फेरे) 20 मिलिसेकंदांचं. पोर्ट इंजेक्शनमध्ये इंजेक्टर 17 मिलिसेकंद उघडा राहत असेल तर तो 85 टक्क्यांवर गेला, म्हणजे संपल्यातच जमा. डायरेक्ट इंजेक्शनला तर मुख्यतः इनटेक स्ट्रोकचाच वेळ, साधारण पाच मिलिसेकंद. म्हणून तिथे सगळी मदार रेल प्रेशरवर. लॉगमध्ये मागितलेला आणि मिळालेला प्रेशर शेजारी ठेवा. वरच्या आरपीएमला दोघांत फट पडत असेल तर आधी टाकीतल्या पंपाचा दाब आणि त्याला मिळणारं व्होल्टेज तपासा, मग महागड्या हाय प्रेशर पंपाला दोष द्या. त्या लाइनचे नट इंजिन गरम असताना, दाब न काढता कधीही सोडू नका. तिथलं पेट्रोल कातडीत घुसतं.

पावसाळ्यात टाकी भरल्यावर लगेच सगळे सिलिंडर मिस करायला लागले तर पेट्रोलात पाणी आलंय. इथेनॉलवालं पेट्रोल थोडं पाणी पोटात घेतं, जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी बसतात, आणि पंपही तिथूनच ओढतो. काचेच्या बाटलीत नमुना काढून तासभर ठेवा. दोन थर दिसले तर टाकी रिकामी करण्याशिवाय इलाज नाही.

कॉम्प्रेशन

ठिणगी, हवा, पेट्रोल तिन्ही सुटले आणि कोड अजून त्याच सिलिंडरला चिकटून असेल, तरच इथे या. इंजिन कोमट, सगळे प्लग बाहेर, इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी चार्ज. प्रत्येक सिलिंडरला सारखेच क्रँक द्या. एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा, पंधरा टक्क्यांच्या वर गेला तर गंभीर. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून परत मोजा. वाढला तर रिंग किंवा पिस्टन, नाही वाढला तर वाल्व्ह किंवा गॅस्केट. नक्की करायला लीक-डाउन: हवा भरली की ती तेलाच्या झाकणातून, सायलेन्सरमधून, थ्रॉटलमधून येते की रेडिएटरमध्ये बुडबुडे काढते, ते कानानेच कळतं.

दुरुस्तीनंतर

कोड पुसा, ट्रिम रीसेट करा आणि आधीचाच लॉग त्याच गियरमध्ये, त्याच रस्त्यावर, शक्यतो त्याच वेळी परत काढा. दुपारी 42 डिग्रीत मिस करणारी गाडी पहाटे चालवून "झाली ठीक" म्हणण्यात अर्थ नाही. मिस काउंट सगळ्या सिलिंडरवर शून्याच्या जवळ हवा. ट्यूनरकडे जायचं झालं तर जुना आणि नवा दोन्ही लॉग, काढलेले प्लग क्रमांक टाकून आणि वहीतलं ते पान घेऊन जा. नुसतं "फडफडते" सांगितलं की तो फाइल बदलून देईल आणि तुम्ही परत रांगेत.

शेवटी ऑइलची दांडी काढून वास घ्या. बरेच दिवस मिसिंग चाललं असेल तर न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली तेलात उतरलेलं असतं. पातळी आपोआप वाढलेली दिसली किंवा पेट्रोलचा वास आला, तर किलोमीटर व्हायची वाट न बघता ऑइल आणि फिल्टर बदला. टर्बोचं बेअरिंग त्याच तेलावर फिरतं.